पस्तिशीतली निवृत्ती : ‘हवाई सुंदरी’, एअर इंडिया आणि २३ वर्षांचा फरक

१/
विमानात काम करणाऱ्या स्त्रीसाठी मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द आहे ‘हवाई सुंदरी’. तिच्याच शेजारी उभे राहून तेच जेवणाचे ताट प्रवाशापुढे ठेवणाऱ्या पुरुषाला ‘हवाई सुंदर’ म्हणावे असे कुणाला सुचले नाही. तो ‘पर्सर’च राहिला. या शब्दात जी अपेक्षा दडलेली होती, ती एअर इंडियाच्या सेवानियमांत आकड्यांच्या रूपाने लिहिलेली होती. स्त्रीने ३५व्या वर्षी निवृत्त व्हावे, पुरुषाने ५८व्या. या २३ वर्षांच्या फरकाचा, आणि तो मिटायला लागलेल्या काळाचा, हा धागा.

२/
आधी एक छोटे विषयांतर. निवृत्तीचे वय ही निसर्गाने घालून दिलेली मर्यादा आहे, असे आपल्याला सवयीने वाटते. प्रत्यक्षात तो अलीकडचा आणि वारंवार बदललेला आकडा आहे. जर्मनीत बिस्मार्कने १८८९मध्ये वृद्धापकाळ विम्याचा कायदा केला, तेव्हा वय ठरले ७०. ते ६५वर आले १९१६मध्ये, बिस्मार्कच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. (‘६५ हे वय बिस्मार्कने ठरवले’ हे वाक्य इंटरनेटवर हजारदा भेटते. ते चूक आहे.) भारतात केंद्र सरकारी नोकर आधी ५५व्या वर्षी निवृत्त होत. १९६२मध्ये ते वय ५८ झाले आणि १९९८मध्ये ६०. सरकारी कारकून कोणत्या वर्षी ‘म्हातारा’ ठरतो, हे त्या त्या वर्षीच्या शासन-आदेशावर अवलंबून होते.

३/
मग विमानातली स्त्री पस्तिशीत ‘म्हातारी’ कशी ठरली? त्याची सुरुवात अमेरिकेत आहे. मे १९३०मध्ये बोईंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीने आठ परिचारिकांना विमानात नेमले. त्यांची प्रमुख एलेन चर्च. तिला खरे तर वैमानिक व्हायचे होते, परंतु कंपनीने तिची ती इच्छा मान्य केली नाही आणि तिनेच सुचवलेली दुसरी कल्पना उचलली : विमानात परिचारिका असल्या, तर घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल. अटी अशा होत्या : प्रशिक्षित परिचारिका, अविवाहित, वय २५च्या आत, बांधा लहान. त्या काळची विमाने छोटी होती, म्हणून वजन-उंचीच्या अटीला काही व्यावहारिक आधार तरी होता. वय आणि अविवाहितपणाच्या अटींना तोही नव्हता.

४/
दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने मोठी झाली, परिचारिकेची पदवी मागे पडली, वयाची अट मात्र टिकली आणि अधिक कठोर झाली. १९५३मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम केला की यापुढे रुजू होणाऱ्या स्त्रियांनी ३२व्या वर्षी उड्डाण सोडावे. आधीपासून नोकरीत असलेल्यांना त्यातून सूट होती. या सुटीचा एक परिणाम कंपनीच्या ध्यानात आला नसावा. ज्यांना नियम लागू नव्हता, त्याच ज्येष्ठ स्त्रिया पुढे नियमाविरुद्धच्या लढ्याच्या पुढारी झाल्या. त्यांना हाकलता येत नव्हते.

५/
१९६३मध्ये अशा काही जणींनी न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेतली. त्यांच्यात काही बत्तिशीच्या आतल्या होत्या, काही पलीकडच्या. पत्रकारांना त्यांनी एवढेच विचारले की यांतल्या ‘वयस्कर’ कोण ते ओळखा. दोन वर्षांनी अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे त्या साक्षीला गेल्या, तेव्हा एका सदस्याने त्यांना उभे राहायला सांगितले, जेणेकरून समितीला नीट पाहता यावे. वयभेदाच्या चौकशीतही त्यांच्याकडे पाहिलेच गेले.

६/
येथे कायद्याची एक विलक्षण गाठ आहे. अमेरिकेने १९६७मध्ये नोकरीतील वयभेदाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पण त्याचे संरक्षण सुरू होत होते ४०व्या वर्षापासून! ज्या स्त्रियांनी वयभेदाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, त्या त्या कायद्याच्या दृष्टीने ‘पुरेशा वृद्ध’ नव्हत्या. त्यांना न्याय मिळाला तो वेगळ्या दाराने, लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने. १९६८मध्ये समान रोजगार संधी आयोगाने ठरवले की केवळ स्त्रियांना लावलेली अशी वयोमर्यादा बेकायदा आहे. ही गाठ लक्षात ठेवावी. भारतात तीच पुन्हा भेटते, आणि तेथे ती सुटत नाही.

७/
आता मुंबई. टाटांनी १९३२मध्ये सुरू केलेली हवाई सेवा १९४६मध्ये ‘एअर इंडिया’ झाली. जून १९४८मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. १९५३मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर इंडिया वैधानिक महामंडळ बनली. या शेवटच्या गोष्टीला पुढे फार महत्त्व आले. खासगी कंपनीविरुद्ध समानतेच्या मूलभूत हक्काचा दावा करता येत नाही, सरकारी महामंडळाविरुद्ध करता येतो.

८/
या महामंडळाचे सेवा-विनियम ४६ आणि ४७ हे आपल्या कथेचे मूळ. विमानातील पुरुष कर्मचारी, म्हणजे फ्लाइट पर्सर, ५८व्या वर्षी निवृत्त होई. हवाई सुंदरीसाठी मात्र तीन टोकांची कात्री होती. वयाची ३५ वर्षे पूर्ण होणे, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करणे, किंवा पहिली गर्भधारणा. यांतले जे आधी घडेल, त्या दिवशी नोकरी संपली.

९/
वाक्यरचनेकडे पाहण्यासारखे आहे. विवाह, गर्भधारणा आणि वय ही तिन्ही एकाच ओळीत, एकाच क्रियापदाने ‘निवृत्ती’ या शब्दाखाली गोळा केलेली. चाळिशी, पन्नाशी गाठलेल्या माणसाला विसावा देणारी ती निवृत्ती आणि गर्भवती झाल्याबद्दल पंचविशीतल्या तरुणीला मिळणारा नारळ यांना नियमाने एकच नाव दिले होते.

१०/
नियमात एक फट होती. व्यवस्थापकीय संचालकाला वाटल्यास तो एखादीची मुदत एकेका वर्षाने वाढवू शके, जास्तीत जास्त दहा वर्षे, म्हणजे ४५पर्यंत. वरवर पाहता ही सवलत दिसते. प्रत्यक्षात पस्तिशीनंतरची दहा वर्षे त्या स्त्रीने दर वर्षी नव्याने वैद्यकीय पात्रता सिद्ध करायची आणि नव्याने वरिष्ठांच्या मर्जीची वाट पाहायची, असा तिचा अर्थ होता. कोणत्या कसोटीवर एकीला मुदतवाढ द्यावी आणि दुसरीला नाकारावी, हे विनियमात कोठेही लिहिलेले नव्हते. शिवाय अशा नोकरीत घरासाठी कर्ज काढणे, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करणे, भावंडांची जबाबदारी घेणे, यांतले कशाचेही गणित मांडता येत नाही.

११/
या नियमाला पहिले आव्हान १९६०च्या दशकातच मिळाले. औद्योगिक वाद खोसला न्यायाधिकरणापुढे गेला. त्याचा निवाडा १९६५चा. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की हवाई सुंदरीला नाना स्वभावांच्या प्रवाशांशी वागावे लागते आणि तरुण, देखणी स्त्री अवघड प्रसंग अधिक सहज निभावून नेते. न्यायाधिकरणाने नियमाला धक्का लावला नाही. १९७२मध्ये महेश न्यायाधिकरणापुढे पुन्हा चर्चा झाली, आणि पुरुष-स्त्रियांतली मूळ दरी तशीच राहिली.

१२/
‘अवघड प्रसंग’ या शब्दांपाशी थोडे थांबायला हवे. विमानातला खरा अवघड प्रसंग कोणता? आग, धूर, आपत्कालीन उतरणे, एखाद्याला आलेला हृदयविकाराचा झटका. अशा वेळी वीस वर्षांचा अनुभव उपयोगी पडतो की विशीतला चेहरा? दोन्ही न्यायाधिकरणांच्या काळात हा प्रश्न केंद्रस्थानी आलाच नाही. हवाई सुंदरीचे काम म्हणजे आतिथ्य, हे गृहीतच धरले गेले होते. सुरक्षितता जणू दुसऱ्याच कुणाच्या कामाचा भाग होती.

१३/
याच सुमारास, याच मुंबईत, एक वेगळा खटला लढला गेला. तो हवाई सुंदरींचा नव्हता. औषधे बनवणाऱ्या एका कंपनीच्या पॅकिंग विभागात स्त्री-कामगाराने लग्न केले की नोकरी जाईल, अशी अट होती. ‘बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस’ हे त्या खटल्याचे नाव. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असा कंपनीचा युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये तो फेटाळला. अविवाहित किंवा विधवा स्त्रीपेक्षा विवाहिता अधिक गैरहजर राहील असे मानायला काही आधार नाही, आणि प्रसूती रजेचा प्रश्न आला तरी ती अडचण मालकाने सोसण्याजोगी आहे, असा त्या निर्णयाचा आशय.

१४/
म्हणजे १९६५मध्ये बाटल्यांना लेबले लावणाऱ्या कामगार स्त्रीला जे मिळाले, ते विमानातल्या स्त्रीला मिळाले नव्हते. ग्लॅमर नावाची गोष्ट कामगार कायद्यात कशी आड येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. कारखान्यातल्या बाईला निदान ‘कामगार’ तरी समजले जाई.

१५/
१९७०च्या दशकात हवा बदलली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी समान वेतनाचा अध्यादेश आणि १९७६मध्ये समान वेतन अधिनियम आला. १९७९मध्ये सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी परराष्ट्र सेवेतील स्त्रियांना लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यायला लावणाऱ्या नियमांवर कडक शब्दांत टीका केली. हवाई सुंदरींना आता कायद्याचा आधार दिसू लागला होता.

१६/
परंतु सरकारनेच तो काढून घेतला. समान वेतन अधिनियमाच्या कलम १६मध्ये एक तरतूद होती : एखाद्या आस्थापनेतील स्त्री-पुरुषांच्या वेतनातील फरक लिंगावर आधारित नाही, असे सरकार जाहीर करू शकते. १५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने एअर इंडियाच्या बाबतीत नेमकी तशी अधिसूचना काढली. पर्सर आणि हवाई सुंदरी यांच्यातला फरक कामाचा आहे, लिंगाचा नाही, असा तिचा मथितार्थ. समानतेचा कायदा करणारे सरकार आणि महामंडळाचे मालक सरकार, हे दोन्ही एकच होते, हे येथे विसरता येत नाही.

१७/
यानंतर नर्गिस मीर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली. ती सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला. निकालपत्र न्या. मुर्तझा फझल अली यांचे. ‘एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मीर्झा’ हा खटला आज विधी महाविद्यालयांत शिकवला जातो तो बहुधा गर्भधारणेच्या अटीसाठी. तो वयाचाही खटला आहे, ही गोष्ट सहसा मागे राहते.

१८/
गर्भधारणेची अट न्यायालयाने रद्द केली, आणि ती करताना शब्दांत काटकसर केली नाही. चार वर्षांनंतर लग्नाला परवानगी द्यायची आणि मूल होताच काढून टाकायचे, हा क्रूरपणा आहे आणि भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे, अशी ती भूमिका होती. आजही तो भाग वाचताना न्यायमूर्तींचा संताप जाणवतो.

१९/
मग त्याच निकालपत्राची पुढची बाजू. पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये ही अट मात्र योग्य ठरली! कारणे तीन. एक, तेवढ्या काळात मुलगी परिपक्व होते आणि लग्न यशस्वी होण्याची शक्यता वाढते. दोन, तिची प्रकृती चांगली राहते. तीन, कुटुंबनियोजनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला हातभार लागतो. आणीबाणीतल्या नसबंदीच्या जखमा ताज्या असतानाच्या या ओळी आहेत. एका नोकरदार स्त्रीने केव्हा लग्न करावे याचा विचार न्यायालय लोकसंख्येच्या आकड्यांत करत होते. १९६५चा पॅकिंग विभागाचा निर्णय सोळा वर्षे जुना होता, पण त्याची सावली येथे पडली नाही.

२०/
वयाबद्दलचा निर्णय सर्वांत गुंतागुंतीचा. ‘तरुण आणि आकर्षक’ स्त्रीच अवघड प्रसंग हाताळू शकते, हा जुना युक्तिवाद न्यायालयाने साफ नाकारला. तसा काही पुरावा नाही, असे म्हटले. व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडलेली मुदतवाढही रद्द केली, कारण कोणताही निकष न देता दिलेला तो अमर्याद अधिकार होता. परिणाम असा की वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेल्या प्रत्येक हवाई सुंदरीला ४५पर्यंत मुदतवाढ देणे बंधनकारक झाले. दहा वर्षे हक्काची झाली. पण ४५ आणि ५८ यांच्यातली तेरा वर्षे?

२१/
ती मिळाली नाहीत. येथेच अमेरिकेत सुटलेली गाठ भारतात घट्ट बसली. आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. म्हणून हवाई सुंदरींना आपला दावा लिंगभेद म्हणूनच मांडावा लागला. न्यायालयाने त्यावर घटनेतल्या ‘केवळ’ या शब्दाकडे बोट दाखवले. भेदभाव ‘केवळ’ लिंगावरून असेल तर निषिद्ध. येथे भरतीची पद्धत, पात्रता, बढतीच्या पायऱ्या सगळेच वेगळे आहे. पर्सर आणि हवाई सुंदरी हे दोन निरनिराळे संवर्ग आहेत. निरनिराळ्या संवर्गांची तुलना होत नाही.

२२/
या तर्कातली अडचण सहज दिसते. दोन संवर्ग वेगळे कुणी केले? महामंडळानेच. एकात फक्त पुरुष आणि दुसऱ्यात फक्त स्त्रिया कुणी भरल्या? त्यानेच. आधी भिंत बांधायची आणि मग भिंतीमुळे तुलना अशक्य आहे असे सांगायचे. सदतीस वर्षांनी, २०१८च्या नवतेजसिंग जोहर खटल्यात, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात ‘केवळ’ या शब्दाच्या या वाचनावर नाव घेऊन टीका केली. तोवर १९८१च्या बहुतेक याचिकाकर्त्या निवृत्तीच्या कोणत्याही वयाच्या पलीकडे गेल्या असणार.

२३/
न्यायालयात अडलेली गोष्ट संसदेच्या वाटेने पुढे सरकली. प्रश्न लोकसभेच्या याचिका समितीकडे गेला. १६ ऑक्टोबर १९८९ रोजी केंद्र सरकारने हवाई महामंडळ अधिनियमाखाली निर्देश दिला की हवाई सुंदरींनाही ५८व्या वर्षापर्यंत सेवेत ठेवावे. (योगायोग असा की त्याच महिन्यात न्या. फातिमा बीवी सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या.) पण अडीच महिन्यांत, २९ डिसेंबरला, स्पष्टीकरण आले. सेवा ५८पर्यंत, उड्डाण ४५पर्यंत. उरलेली तेरा वर्षे जमिनीवर. १९९३मध्ये उड्डाणाची मर्यादा ५० झाली. पुरुष ५८पर्यंत उडतच होते.

२४/
‘जमिनीवर’ या शब्दात पैशाचा हिशेब आहे. विमान कर्मचाऱ्याच्या मिळकतीत उड्डाणभत्त्याचा वाटा मोठा असतो. जमिनीवर आले की मूळ पगार राहतो, भत्ता जातो. त्याबरोबर ज्येष्ठताही निरर्थक होते, कारण विमानात मिळवलेले कौशल्य कार्यालयातल्या टेबलावर उपयोगाचे नसते. तरीही सगळ्याच स्त्रिया याच्या विरोधात होत्या, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही.

२५/
आणि हा या कथेतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. पन्नाशीनंतर उडावे की उतरावे, यावर स्वतः हवाई सुंदरींमध्येच फूट होती. रात्री-अपरात्रीची उड्डाणे, बदलते काळक्षेत्र, तासन्तास उभे राहून काम, यांनी शरीर थकते. अनेकींना पन्नाशीत जमिनीवरचे काम मिळणे हा संघर्षाने मिळवलेला लाभ वाटत होता. त्यांची कामगार संघटना, एअर इंडिया केबिन क्रू असोसिएशन, व्यवस्थापनाशी केलेल्या करारांच्या बाजूने उभी होती. बढती मिळून अधिकारी श्रेणीत गेलेल्या दुसऱ्या गटाला मात्र पुरुषांइतकेच उडायचे होते. पहिल्या गटाला भीती अशी की समानता मिळाली, तर लवकर उतरण्याची सोयही जाईल.

२६/
दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. पन्नाशीत थकलेल्या माणसाला हलके काम मागण्याचा हक्क असावा, हे खरे. पण तो हक्क फक्त स्त्रीला, आणि तोही सक्तीने, का? पन्नाशीतला पर्सर थकत नव्हता काय? उतरायचे की नाही हे ज्याचे त्याला ठरवू देण्याचा तिसरा मार्ग होता. त्यावर कुणी फारसे बोलत नव्हते, कारण करार गटांसाठी होतात आणि थकवा व्यक्तीला येतो.

२७/
ऑगस्ट २००१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उडू इच्छिणाऱ्या गटाचे म्हणणे मान्य केले आणि ५०ची मर्यादा भेदभावाची ठरवली. ११ जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यशस्विनी मर्चंट खटल्यात तो निर्णय फिरवला. आधार दोन. एक, १९८१चा निर्णय बंधनकारक आहे. दोन, हवाई सुंदरींच्या मोठ्या गटाने वाटाघाटींतून जे स्वतः स्वीकारले, त्याला भेदभाव म्हणता येणार नाही. स्त्रियांमधली फूट अशा रीतीने निकालपत्राचा पाया बनली.

२८/
यानंतर जे झाले ते खटल्यात जिंकून झाले नाही. २००३च्या अखेरीस केंद्र सरकारने नवा निर्देश काढला आणि स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे ५८पर्यंत उडण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयात हरलेली गोष्ट काही महिन्यांत मंत्रालयाच्या एका पत्राने मिळाली. १९७९मध्ये एका सरकारी अधिसूचनेने बंद केलेले दार चोवीस वर्षांनी दुसऱ्या सरकारी कागदाने उघडले.

२९/
शेवटची भिंत बढतीची होती. विमानातील कर्मचाऱ्यांचा प्रमुख, म्हणजे ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’, हे काम पुरुषांसाठी राखीव असल्यासारखे चालत आले होते. डिसेंबर २००५मध्ये एअर इंडियाने ते स्त्रियांनाही खुले केले. या वेळी न्यायालयात गेले ते पुरुष पर्सर. आपले संवर्ग वेगळे आहेत, कनिष्ठ स्त्रीच्या हाताखाली काम करावे लागेल, हे त्यांचे गाऱ्हाणे. १९८१मध्ये स्त्रियांविरुद्ध वापरलेला ‘निराळ्या संवर्गां’चा तर्क आता ते स्वतःच्या बचावासाठी पुढे करत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्ये तो अमान्य केला. १७ नोव्हेंबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, आणि विमानातली सर्वांत अनुभवी व्यक्ती स्त्री असेल, तर त्या उड्डाणाची सूत्रे तिच्याकडे देण्यातला शेवटचा कायदेशीर अडथळा दूर झाला.